डॉक्सिसायक्लिन आणि घरचे मुके जनावर

मृगाचा पाऊस एकदा नेमाने कोसळू लागला, की हिंदमाता, परळ, लालबाग या सखल भागांत गुडघाभर पाणी तुंबावे, हा मुंबईच्या वार्षिक क्रमाचाच एक भाग होऊन बसला आहे. आणि अशा पाण्यातून चालत घरी आलेल्या माणसाने लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिनची मात्रा घ्यावी, ही महानगरपालिकेची सूचनाही आता पावसाळ्याबरोबर वर्तमानपत्रांतून ठरल्याप्रमाणे झळकते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्यानंतरच्या आठवड्यांत या रोगाने शहरात जी दहशत पसरविली, तिची आठवण ज्यांना आहे त्यांना ही सूचना अनाठायी वाटणार नाही. परंतु तिचा एक परिणाम असा झाला आहे, की गिरगावातल्या वाडीपासून लालबागच्या चाळीपर्यंत असंख्य घरांतील औषधांच्या डब्यात या कॅप्सूलची एखादी अर्धवट संपलेली पट्टी पडलेली असते, आणि घरचा कुत्रा एके सकाळी पोळीला तोंड लावीनासा झाला, मोरीच्या गार फरशीवर अंग टाकून पडून राहिला, कानांना हात लावावा तर कढत लागले, की कोणीतरी शेजारी सांगतो, "अहो, पशुवैद्यही हेच देतात, द्या एक." शेजाऱ्याचे म्हणणे खोटे नसते, आणि म्हणूनच त्यावर विश्वास बसतो. औषध तेच असते. पण किती, किती दिवस, कशाबरोबर आणि कोणत्या रोगावर, या चार प्रश्नांची उत्तरे माणसाकरिता निराळी, कुत्र्याकरिता निराळी आणि मांजराकरिता तर फारच निराळी असतात. ही उत्तरे घरात जनावर पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावीत, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

डॉक्सिसायक्लिन हे टेट्रासायक्लिन कुळातील प्रतिजैविक होय. या कुळातील पहिले औषध ऑरिओमायसिन. मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ते बेंजामिन डग्गर यांनी अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत मिळविले आणि १९४८ साली ते जगापुढे आले. त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाची धुरा तेव्हा आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती, ही गोष्ट आपल्याकडे अद्याप पुरेशी सांगितली जात नाही, म्हणून येथे मुद्दाम नमूद करतो. पुढे रासायनिक प्रक्रियेने सुधारून डॉक्सिसायक्लिन सिद्ध झाले आणि १९६७ पासून ते वैद्यकात रूढ झाले. जंतूच्या पेशीत प्रथिने तयार करणारी जी यंत्रणा असते, तिला हे औषध अडसर घालते. त्यामुळे जंतूची वाढ खुंटते, मात्र बहुतेक जंतू तत्काळ मरत नाहीत, आणि त्यांचा निकाल लावण्याचे काम शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीकडे राहते. शिवाय हे औषध स्निग्ध पदार्थांत सहज मिसळणारे असल्याने शरीराच्या पेशींच्या आत शिरू शकते, आणि जे जंतू पेशींच्या आतच दडी मारून बसतात त्यांच्यावर याचा जो गुण येतो, तो पेनिसिलिनच्या वर्गातील औषधांचा येत नाही. हे दोन गुणधर्म वाचकांनी ध्यानी ठेवावेत. औषध इतके दिवस का द्यावयाचे आणि मध्येच का थांबवावयाचे नाही, याचे सारे रहस्य त्यांत आहे.

या विषयाची चर्चा परळच्या आसमंतात व्हावी, यात औचित्यही आहे. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दातृत्वाने १८८० च्या दशकात येथे बाई साकरबाई यांच्या नावाने जनावरांचे इस्पितळ उभे राहिले, १८८६ साली त्याच परिसरात मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, आणि त्याच १८८६ साली जर्मनीत आडोल्फ वाइल यांनी कावीळ व मूत्रपिंडाचा दाह घडविणाऱ्या त्या ज्वराचे वर्णन प्रसिद्ध केले, ज्याला आपण आज लेप्टोस्पायरोसिस म्हणतो. जवळच हाफकिन संस्था आहे. तिचा जन्म प्लेगच्या साथीतला. १९९४ च्या भाद्रपद-आश्विनात बीड जिल्ह्यातून आणि सुरतेहून प्लेगची वार्ता आली, तेव्हा टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल विकत घेण्यासाठी औषधांच्या दुकानांतून जी झुंबड उडाली, ती ज्यांनी पाहिली असेल, त्यांना भीतीपोटी प्रतिजैविक घेण्याची वृत्ती आजची नव्हे, हे निराळे सांगावयास नको.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. मुंबईतील कुत्र्यांच्या बाबतीत या औषधाचा सर्वांत मोठा उपयोग कोणता, असे विचारल्यास 'टिक फीवर' म्हणजे गोचीडताप, हेच उत्तर द्यावे लागेल. तपकिरी रंगाची जी गोचीड आपण कुत्र्याच्या कानाच्या पाळीत, बोटांच्या बेचक्यांत आणि मानेच्या पट्ट्याखाली पाहतो, ती एर्लिकिया नावाचा जंतू चावताना रक्तात सोडते, आणि हा जंतू पांढऱ्या रक्तपेशींच्या आत ठाण मांडून बसतो. १९३५ साली अल्जीरियात त्याचा प्रथम शोध लागला. पुढे व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी लष्कराची कुत्री याच रोगाने मोठ्या संख्येने दगावली, आणि त्यांत आपल्याकडे ज्यांना अल्सेशियन म्हणतात त्या जर्मन शेफर्ड जातीवर त्याचा विशेष रोष दिसून आला. ताप, अन्नावरची वासना उडणे, हिरड्या फिकट पडणे, पोटाच्या गोऱ्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटणे, आणि कधी अकस्मात नाकातून रक्ताची धार लागणे, ही त्याची लक्षणे होत. नाकातून रक्त आलेल्या कुत्र्याला घरी ठेवून वाट पाहणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे आहे. तेव्हा टॅक्सीवाल्याला विनवणी करावी लागली तरी चालेल, पण त्याला तडक दवाखान्यात न्यावे.

तेथे पशुवैद्य रक्त तपासतात, प्लेटलेटची संख्या पाहतात, काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली निरखतात, आणि ही तपासणी खर्चाची म्हणून टाळू नये, असे मी आग्रहाने सांगेन. कारण तीच गोचीड बॅबेसिया नावाचा आणखी एक परोपजीवी सोडून जाते. तो तांबड्या पेशी फोडतो, लघवी तांबूस करतो, आणि त्याच्यावर एकट्या डॉक्सिसायक्लिनने भागत नाही, त्याला दुसरी औषधे लागतात. ताप दोन्हींत, मरगळ दोन्हींत, हिरड्या दोन्हींत फिकट. घरच्या घरी कॅप्सूल देऊन आठवडा काढणारा मनुष्य बॅबेसियाला तो आठवडा आंदण देत असतो.

एर्लिकियाचे निदान निश्चित झाल्यावर सामान्यतः कुत्र्याच्या दर किलो वजनामागे दिवसाला १० मिलिग्रॅम, एकदा किंवा दोन वेळांत विभागून, असे किमान २८ दिवस औषध दिले जाते. येथेच बहुतेकांची गफलत होते. रोग नुकताच जडलेला असेल, तर पहिल्या एक-दोन दिवसांतच ताप उतरतो, कुत्रा शेपूट हलवू लागतो, जेवणाच्या वेळी पायांत घोटाळू लागतो, आणि घरची माणसे आनंदाने, आणि थोड्या काटकसरीनेही, औषध बंद करतात. परंतु जंतू पेशींच्या आत शिल्लकच असतो; तो काही महिने, क्वचित काही वर्षे, निपचित राहून पुढे अस्थिमज्जेवर आघात करतो, आणि मग रक्त तयार होण्याची क्रियाच मंदावली म्हणजे पशुवैद्याच्याही हाती फारसे काही उरत नाही. सबब, भिंतीवरच्या कालनिर्णयावर पहिल्या मात्रेच्या दिवशी खूण करावी, अठ्ठाविसाव्या दिवशी दुसरी करावी, आणि दरम्यान कुत्रा कितीही हुंदडला तरी एकही मात्रा चुकवू नये. उलट पक्षी, उपचार पूर्ण झाल्यावरही दवाखान्यातली झटपट चाचणी पुष्कळ महिने 'आहे' असेच दाखवू शकते, कारण ती जंतू न मोजता त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये मोजते. तेवढ्यावरून घाबरून पुनःपुन्हा औषधाचे सत्र सुरू करण्याची मागणी पशुवैद्यांकडे करू नये.

मात्रेचा हिशेब ज्यांना किरकोळ वाटतो, त्यांच्यासाठी एवढेच. माणसाची कॅप्सूल बहुधा १०० मिलिग्रॅमची असते. चार किलो वजनाच्या मांजराला तीच दिली, तर त्याच्या वाट्याला किलोमागे २५ मिलिग्रॅम येतात, म्हणजे योग्य मात्रेच्या अडीचपट. आणि ३५ किलोच्या लॅब्रॅडोरला दिली, तर किलोमागे तीन मिलिग्रॅमही भरत नाहीत. पहिल्याला ओकाऱ्या लागतात. दुसऱ्याच्या रक्तात औषधाचे प्रमाण इतके तोकडे राहते, की जंतूला मरण न येता त्या औषधाशी झुंजण्याचा सराव मात्र मिळतो. घरात वजनकाटा असेल तर कुत्र्याला उचलून स्वतः त्यावर उभे राहावे आणि मग आपले वजन वजा करावे. अंदाजपंचे सांगितलेल्या वजनावर मात्रा ठरवू नये.

मांजरांविषयी मला विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण धोका त्यांना अधिक आणि तो लोकांना माहीत कमी. गिरगावातल्या जुन्या इमारतींच्या जिन्यांत आणि मासळीबाजाराच्या आसपास वाढलेल्या मांजरांना डोळे येण्याचा, शिंका आणि नाक गळण्याचा विकार फार होतो. त्यातील काही प्रकार क्लॅमिडिया व मायकोप्लाझ्मा या जंतूंमुळे होतात आणि त्यांवर डॉक्सिसायक्लिन हे उत्तम औषध आहे. जे प्रकार विषाणूंचे असतात, त्यांत विषाणूवर त्याचा काहीच अंमल चालत नाही, आणि हा भेद पशुवैद्यच करू शकतो. पण औषध योग्य ठरले तरी ते देण्याची रीत चुकली तर अनर्थ होतो. मांजराच्या अन्ननलिकेत कोरडी गोळी किंवा कॅप्सूल पुष्कळदा पोटात न उतरता मध्येच अडकून राहते. डॉक्सिसायक्लिनचा हायक्लेट हा प्रकार आम्लधर्मी असल्यामुळे तेथील नाजूक अस्तर भाजून निघते, व्रण पडतो, आणि काही दिवसांनी तो भरताना अन्ननलिका आक्रसून अरुंद होते. मग मांजर भुकेले असूनही खाल्लेले परत बाहेर टाकते, आणि ती अरुंद झालेली वाट पुन्हा मोकळी करण्याचा इलाज कष्टाचा व खर्चाचा असतो.

यास्तव मांजराला हे औषध शक्य तो पातळ स्वरूपातच मागून घ्यावे. गोळीच द्यावयाची वेळ आली, तर तिला किंचित लोणी लावावे, मांजराला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यावे, डोके मागून अलगद धरून तोंड उघडावे, गोळी जिभेच्या मुळाशी ठेवावी, आणि ती गिळल्यावर लगेच सुई नसलेल्या पिचकारीने गालाच्या कडेने सुमारे सहा मिलिलिटर पाणी थेंबाथेंबाने पाजावे. घाई केली तर पाणी श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. त्यानंतर थोडे ओले खाणे पुढे ठेवावे आणि मांजराला काही वेळ जागे व हिंडते ठेवावे. झोपण्यापूर्वी गोळी देऊन दिवा मालवणे, ही सवय सोडली पाहिजे. गोळी चुरडून पाण्यात घरगुती द्रावण करण्याचा खटाटोपही करू नये, कारण असे मुद्दाम बनविलेले द्रावण थोड्याच दिवसांत निकामी होते, आणि त्याची शक्ती ओसरल्याचे डोळ्यांना कळत नाही.

आणखी एक चुकीची समजूत दुधाची. गोळी दुधातून दिली म्हणजे ती पोटाला बाधत नाही, असे आपल्याकडे परंपरेने मानले जाते. परंतु टेट्रासायक्लिन कुळातील औषधे चुन्याच्या अंशाशी, म्हणजे कॅल्शियमशी, जखडली जातात, आणि मग आतड्यातून रक्तात कमी शोषली जातात. डॉक्सिसायक्लिनमध्ये हा दोष जुन्या टेट्रासायक्लिनपेक्षा सौम्य आहे. तरी दूध, कॅल्शियमची पावडर, आणि विशेषतः रक्तवाढीसाठी दिली जाणारी लोहाची औषधे व पित्तशामके यांच्यात आणि या गोळीत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. फिकट हिरड्या पाहून प्रेमापोटी लोहाचे टॉनिक त्याच वाटीत ओतणारे पुष्कळ असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. उपाशीपोटी औषध दिल्यास कुत्रे ओकते. थोड्या भाताबरोबर वा पोळीबरोबर दिले तर सहसा टिकते.

गाभण मादीला व दात येत असलेल्या पिलांना हे औषध अगदी आवश्यक असेल तरच पशुवैद्य देतात. वाढत्या दातांत ते साठून दात पिवळट होण्याचा संभव असतो. यकृत अधू असलेल्या जनावराच्या बाबतीत रक्ततपासणी करीत राहावे लागते. घोड्याच्या शिरेत ते कदापि टोचू नये, घोडा जागच्या जागी कोसळून मरू शकतो. हे पशुवैद्यांना ठाऊक असतेच, पण महालक्ष्मीच्या रेसकोर्सलगतच्या तबेल्यांतून काम करणाऱ्या मोतद्दारांनाही ठाऊक असावे.

लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यालाही होतो, आणि येथे माणसाचे व जनावराचे हित एकमेकांत गुंतलेले आहे. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात आलेला जंतू कुत्र्याच्या पंजावरील ओरखड्यातून वा तोंडातून आत जातो, यकृत व मूत्रपिंडे बिघडवितो, आणि मग कुत्र्याच्या मूत्रातून तो घरात पसरू शकतो. दहा-बारा फुटांच्या खोलीत, जेथे मोरी, स्वयंपाक आणि कुत्र्याची गोणपाटाची गादी एकमेकांपासून चार पावलांवर असतात, तेथे ही बाब फार गंभीर आहे. रोगी कुत्रे सतत ओकत असेल तर आरंभी इंजेक्शनने दुसरे प्रतिजैविक दिले जाते. मग मूत्रपिंडातील उरलासुरला जंतू निपटून काढण्यासाठी दोन आठवडे डॉक्सिसायक्लिन देतात. ते मुख्यतः आतड्यावाटे बाहेर पडत असल्याने, मूत्रपिंडे थकलेली असतानाही देता येते, हा त्याचा मोठा गुण. या काळात कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच पुसावी, जागेवर ब्लीचिंगचे पाणी टाकावे, आणि घरात कोणाला ताप आला तर आपल्या डॉक्टरांना कुत्र्याच्या आजाराची हकिगत प्रथम सांगावी. वर्षातून एकदा पावसाळ्यापूर्वी लेप्टोची लस टोचून घेतली तर हा प्रसंग टळण्याची शक्यता पुष्कळ वाढते. मात्र लस सर्व उपजातींवर चालत नाही, म्हणून तुंबलेल्या पाण्यातून कुत्र्याला फिरविणे टाळावे ते टाळावेच.

पिंजऱ्यातील पक्ष्यांविषयी थोडक्यात. आपला देशी पोपट घरात बाळगणे वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. परंतु लव्हबर्ड, कॉकटील इत्यादी परदेशी पक्षी अनेक घरांत असतात आणि त्यांना पोपटज्वर होतो, जो माणसाच्या फुफ्फुसांपर्यंत पोहोचू शकतो. त्यावर डॉक्सिसायक्लिनच लागू पडते, तेही रूढ रीतीप्रमाणे ४५ दिवस, आणि त्या अवधीत पिंजऱ्यातला समुद्रफेस व खनिजांचा खडा काढून ठेवावा लागतो, कारण कॅल्शियमचा तोच अडथळा येथेही आड येतो.

औषधांच्या डब्याचा प्रश्न निघालाच आहे, तर आणखी एक ताकीद देऊन ठेवतो, जी प्रतिजैविकाची नसली तरी त्याच प्रसंगी उपयोगी पडणारी आहे. ताप आलेल्या जनावराला कॅप्सूलबरोबर माणसाची पॅरासिटामॉलची गोळीही देण्याचा मोह होतो. मांजराचे यकृत हे औषध निकामी करू शकत नाही; एक गोळी त्याचा प्राण घेण्यास पुरेशी होते. तद्वतच, गोचिडांसाठी कुत्र्याच्या पाठीवर सोडावयाच्या ज्या औषधांत परमेथ्रिन असते, त्यांचा एक थेंबही मांजराच्या अंगावर जाऊ देऊ नये.

गोचिडांचा बंदोबस्त केल्याविना गोचीडतापाचा उपचार अपुराच राहतो. ही जात घरातच नांदते; रक्त पिऊन टपोरी झालेली मादी कुत्र्याचे अंग सोडून भिंतीवर चढते आणि गॅलरीच्या लाकडी कठड्याच्या फटीत, पोपडे सुटलेल्या गिलाव्यामागे, पलंगाच्या सांध्यांत हजारांच्या घरात अंडी घालते. त्या फटी सिमेंटने बुजवाव्यात, गादी उन्हात टाकावी, अंगावरची गोचीड चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढावी, नखाने चिरडू नये, आणि कुत्र्याला द्यावयाचे गोचीडनाशक पशुवैद्यांच्या सल्ल्याने ठराविक मुदतीने देत राहावे.

कायद्याने हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मुभा नाही. हा नियम जाचक वाटतो खरा. पण अर्धवट मात्रांनी जे जंतू या औषधाला सरावतात, ते कुत्र्याच्या अंगातून, त्याच्या विष्ठेतून, त्याला कुरवाळणाऱ्या मुलाच्या हातांतून माणसांत येतात, आणि मग ज्या रोगांवर माणसाला याच स्वस्त आणि गुणकारी औषधाचा आधार आहे, तेथे ते पांगळे ठरू लागते. दुभत्या जनावरांच्या बाबतीत हाच प्रश्न दुधातून येतो. १९४९ साली आरे येथे वसाहत वसल्यावर शहराच्या पोटातले म्हशींचे तबेले तिकडे हलू लागले, पण औषध दिलेल्या म्हशीचे दूध ठराविक दिवस विकू नये हा नियम कोठेही पाळावाच लागतो, कारण दूध उकळल्याने औषधाचा अंश हमखास नाहीसा होत नाही. अशा दुधाला विरजण धड लागत नाही, हा अनुभव मिठाईवाल्यांना जुना आहे.

वाडीतल्या वा चाळीतल्या बेवारशी कुत्र्याला औषध द्यावयाचे असेल, तर आणखी एक अडचण उभी राहते : त्याला चारजण खाऊ घालतात आणि चौघेही दयाळू असतात. मग एखाद्या दिवशी त्याला तीन गोळ्या मिळतात आणि पुढचे दोन दिवस एकही नाही. अशा वेळी एकाच व्यक्तीने जबाबदारी घ्यावी, आणि जिन्याच्या तळाशी एक वही दोरीने टांगून तीत तारीख, वेळ व दिलेली मात्रा रोज नोंदवावी. तीच वही पुढच्या तपासणीच्या दिवशी पशुवैद्यांपुढे ठेवावी; सोबत कुत्र्याचे वजन, ताप कधी आला, उलटी कितीदा झाली, आणि याआधी कोणी कोणते औषध दिले याचा तपशील द्यावा. घरातल्या डब्यातली एखादी कॅप्सूल दिली गेलेली असेल, तर तेही संकोच न करता सांगावे, कारण पशुवैद्य त्याच माहितीवरून पुढचा इलाज ठरवितात.